साहेबांनी सांगितलंय

मॅडम, नेरूळची तुमची बिल्डिंग पाडली. रिडेव्हलपमेंट चालू आहे, सगळीकडून निळे पत्रे ठोकलेत. परवा तिथून जाताना ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगितली आणि तुमचं स्वयंपाकघर नेमकं कुठे असेल याचा अंदाज बांधत बसलो. दुसरा मजला, रस्त्याकडची खिडकी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ऑफिसात काही अडलं की मी मनाने त्या ओट्याशेजारच्या स्टुलावर जाऊन बसतो. म्हणून आज लिहायला घेतलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या अंगात फार मस्ती होती. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वडील एपीएमसीत माथाडी, घर कोपरखैरण्याला, आणि मी कॉलेजपासून पक्षाच्या सभांच्या सतरंज्या उचललेल्या. आमचे आमदार साहेब मंत्री झाले आणि मला बरोबर घेऊन गेले. तुम्ही सरकारी नोकरीतून आलेल्या, त्यांच्या खाजगी सचिव. मंत्री बदलला तरी तुमची नोकरी राहणार होती, माझी मात्र साहेबांच्या खुर्चीला बांधलेली. पहिल्याच दिवशी तुम्ही ते स्पष्ट सांगितलंत. "तू साहेबांचा माणूस, मी सरकारची. दोघंही लागतात. फक्त एकमेकांच्या खुर्चीत बसायचं नाही." मला वाटलं, बाई हिणवतायत. घरी येऊन तणतणलो तर आई म्हणाली, "बराबर बोलली की ती. शिक कायतरी." आईने कुणाला इतक्या लवकर पास केलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग ती जेट्टीची भानगड. उरणकडच्या एका लहानशा जेट्टीवर साहेबांचा कार्यक्रम आहे. भाषणं संपतात आणि कोळणी गराडा घालतात. एक म्हातारी तर साहेबांचा हातच धरते. "सायेब, आमी पाटंचं अंधारात उतरताव. पानी कुठं हाय न् पायरी कुठं हाय, कायपन दिसत नाय. लायटी लावा ना. आमच्याकडं कोन बघनार हाय?" साहेब म्हणतात, "बघतो, आजी." मी मागेच उभा आहे. गाडीत बसायच्या आधी मी खात्याच्या तिथल्या इंजिनिअरला फोन लावतो, साहेबांनी सांगितलंय, लाइट उद्याच्या उद्या लागल्या पाहिजेत. केवढा अभिमान वाटला होता मला त्या फोनचा! इंजिनिअर बिचारा साधा माणूस. नवे दिवे मागवायचे तर महिना गेला असता, म्हणून त्याने पुढच्या गावाच्या वळणावरचे दिवे काढून जेट्टीवर लावले. म्हातारी खूश, मीही खूश. आणि त्याच आठवड्यात त्या वळणावर एक मास्तर अंधारात स्कूटरसकट खड्ड्यात गेले, हात मोडला. अख्खं गाव ऑफिसवर चालून आलं.

साहेब कडाडले, "दिवे काढायला सांगितलं कुणी? त्या इंजिनिअरला सस्पेंड करा." मी कोपऱ्याकडे सरकलो. तेवढ्यात तुम्ही उठलात. "साहेब, फोन आपल्या ऑफिसातून गेला होता, तुमचं नाव घेऊन. आपल्यावर विश्वास ठेवला एवढंच त्यांचं चुकलं. कारवाई करायची तर मी खाजगी सचिव आहे, माझ्यावर करा." फोन कुणी केला ते तुम्ही सांगितलं नाहीत. साहेब काही दुधखुळे नव्हते, त्यांना कळलंच असणार, पण तुम्ही बोलत नाही म्हटल्यावर त्यांनीही विचारलं नाही. इंजिनिअर वाचला आणि त्याच्याबरोबर मीही वाचलो.

रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. आता हाकलणार असं धरूनच आलो होतो. तुम्ही पोळ्या लाटत होतात. स्टूल दाखवलंत, मेथीची भाजी वाढलीत, आणि दोन घास पोटात गेल्यावर विचारलंत, "लाइट लावा असं साहेब म्हणाले होते?"

"बघतो म्हणाले."

"मग 'सांगितलंय' कुठून आलं?"

"मॅडम, साहेबांच्या मनातलं मला कळतं."

तुम्ही हसलात. मला अजून ते हसू आठवतं, त्यात चेष्टा होती पण टोचणी नव्हती. "कळतं, म्हणून तर तुला आणलंय. पण अरे, समोरच्या अधिकाऱ्याला मनातलं पाळता येत नाही. त्याला हुकूम पाळता येतो, नाहीतर हुकमाला नाही म्हणता येतं. मनातलंच हुकूम म्हणून पाठवलंस, तर तो नाही म्हणणार कुणाला?" मग म्हणालात, शंका आली की आत जायचं आणि तोंडावर विचारायचं, साहेब, हे करायला सांगताय का? मी म्हटलं, चिडतील. "चिडू देत. मंत्र्याचा राग जेवणाच्या ताटापर्यंत टिकतो." निघताना वडिलांसाठी पोळ्यांचा डबा दिलात, आणि सोमवारी त्या मास्तरांना भेटून यायला लावलंत. मास्तरांनी मला चांगलं झापलं. ते झापणं आणि तो डबा, दोन्ही मी तुमच्याकडूनच मिळालं असं समजतो.

आता मी दुसऱ्या मंत्र्यांकडे विशेष कार्य अधिकारी आहे. नाव भारदस्त, पण दोरी तीच, या साहेबांची मर्जी गेली की दुसऱ्या दिवशी मी घरी. करंजाडेत फ्लॅट घेतलाय, हप्ते चालू आहेत, मुलगी इंजिनिअरिंगला. आणि आमच्याच भागात एक नवी अधिकारी आलीय. नाल्यालगतच्या एका प्लॉटवर बांधकामाला परवानगी द्यायला ती तयार नाही. पावसात तिथे पाणी भरतं, हे मलाही दिसतं, मी तिथेच राहतो. प्लॉटवाला आमच्या पक्षाचा. गेल्या महिन्यात पक्षाची पोरं ऑफिसात येऊन बसली. "दादा, एक फोन टाका ना वरती. बाई लय टेन्शन देतेय. साहेब काल बोलले ना, हिचं कायतरी केलं पायजे म्हणून." बोलले होते, खोटं नाही. पोहे खाता खाता, माझ्यासमोरच. माझा एक फोन गेला असता तर आठवड्यात तिची बदली झाली असती. तिच्या वडिलांचं डायलिसिस पनवेलला चालू आहे, तेही मला ठाऊक होतं. फोन हातात घेतला, ठेवला आणि आत गेलो.

"साहेब, त्या बाईंची बदली करायला सांगताय का? सांगत असाल तर प्रस्ताव मागवतो. मुदतीआधीची बदली आहे, कारण लिहावं लागेल आणि सही तुमची लागेल."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "तू माझा माणूस आहेस, का तिचा?"

"तुमचाच. म्हणून तर विचारतोय."

मी घाबरलो होतो, मॅडम. तुम्ही अशा कितीदा उभ्या राहिल्या असाल, तेव्हा तुम्हालाही भीती वाटत असेल का, हे विचारायचं राहून गेलं. साहेबांनी पेपर उचलला, पान उलटलं आणि म्हणाले, "राहू दे." झालं, बदली राहिली. जेवणाच्या ताटाचा तुमचा हिशेब मात्र साफ चुकला. पंधरा-वीस दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, फोन दुसऱ्याकडे, दौऱ्याला दुसरा. घरी बायको विचारायची, काय झालंय, आणि मी ॲसिडिटीवर ढकलायचो. गेल्या आठवड्यात गाडीत कुणावर तरी वैतागले आणि मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "हे नुसतं बोलतोय हां. सांगत नाहीये." मी इतका हसलो की ड्रायव्हर आरशात बघायला लागला. तुम्ही असतात तर त्याच मिनिटाला तुम्हाला फोन केला असता.

आज ती अधिकारी मीटिंगसाठी आमच्या वाशीच्या ऑफिसात आली होती. मी दार धरून उभा राहिलो. माझ्याकडे न बघता ती आत गेली आणि बरोबरच्या मुलीला म्हणाली, "हे पार्टीचे. यांच्याशी जेवढ्यास तेवढं." माझ्या कानावर पडेल इतक्या आवाजात. बरोबरच बोलली ती, तिने असंच वागायला हवं. तिची बदली कुणामुळे थांबली हे तिला कळलं तर ती माझी मिंधी होईल, आणि मग पुढच्या वेळी माझ्या माणसाला नाही म्हणताना तिची जीभ अडखळेल. हे सगळं मला समजतं, तुमच्याच हाताखाली समजलंय. तरी दुपारपासून मनात एकच घोळतंय, जाऊन सांगावं, बाई, तुमची बदली मी थांबवली.

नाही सांगणार. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण गेलं नसतं. तेव्हा खरं ते कबूल करतो, मॅडम. आभार मानायचे होतेच, पण आज लिहायला बसलो तो शाबासकी घ्यायला.