धोबी अजून आला नाही

२८ सप्टेंबर १९९२
आजही नाही! सकाळपासून तीनदा विहिरीवर डोकावले. साळुंक्या, चिमण्या, सगळे हजर – आमचा धोबी सोडून. पांढऱ्या गालांचं, शेपूट हलवत तुरुतुरु चालणारं एवढंसं पाखरू, आणि त्याच्यापायी पेरणी खोळंबली आहे. सासऱ्यांचा, आबांचा, कायदाच आहे: उत्तरेकडून धोबी आला म्हणजे थंडी आली, मग दादर ज्वारी पेरायची. तोवर पाभरीला हात लावायचा नाही.

३० सप्टेंबर
ऊन कसलं, तापलेला तवा! गेल्या साली धोबी दिवाळीला उगवला. तोवर जमिनीतली ओल उडाली, निम्मी ज्वारी वर आलीच नाही. पारोळ्याहून कडबा विकत आणून बैल जगवले. यंदाही तसंच झालं तर जोडी विकावी लागेल. विकू देणार नाही. नाही म्हणजे नाही!

३ ऑक्टोबर
जळगाव रेडिओवर एक बाई सांगत होत्या – हवा तापते आहे, थंडी मागे सरकते आहे, पाखरांचं येणं-जाणं बिघडतं आहे. धावत जाऊन आबांना सांगितलं. विहिरीजवळच्या निंबाखाली खाटेवर पडूनच म्हणाले, "तुना रेडिओ पेरस का?"
ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. हे म्हणे, आबांचं आबा बघतील. बापापुढे अगदी मांजर!
धोबी तरी काय करील बिचारा? तिकडे थंडीच पडली नाही तर निघणार कधी? कुठे अडकला असेल, खात काय असेल – उगाच काळजी वाटते.

५ ऑक्टोबर
माती मुठीत दाबली. परवापर्यंत लाडू वळत होता, आज नुसता भुगा. खाली ओल आहे अजून. पण किती दिवस?

६ ऑक्टोबर, दसरा
ठरलं.

७ ऑक्टोबर
खोटं बोलले. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नाही. त्याचाच फायदा घेतला. लाज वाटली, तरी बोलले – "आबा, विहिरीवर धोबी आला."
"बोलना का?"
"हो. बोलला."
आबा खाटेवर उठून बसले. म्हणाले, "पेरा मंग."

८ ऑक्टोबर
पेरली! हे पाभरीमागे, मी बियाणं सोडत. हात दुखतात. दुखू देत.

१४ ऑक्टोबर
हिरव्या रेघा! सगळं शेत!

२ नोव्हेंबर
आज आला. खरा. एकटाच, पार वाळलेला. विहिरीच्या काठावर शेपूट हलवत दोनदा ओरडला.
खाटेवरून आबा म्हणाले, "हाऊ खरा उना."
मी खाटेजवळ जाऊन बसले.
"माले दखास नही. आयकू तर येस!"
"मग त्या दिवशी 'पेरा' का म्हणालात?"
"तू कधी खोटं बोलनी नही. त्या दिन बोलनी, तवय मी समजनू, ओल जाई राहनी."