लांबूनचा नमस्कार

६ मे २०१९

आज सकाळचा नमस्कार केला नाही. नाहीच!

माझे यजमान खंडेराव गेले, माझा एचआयव्हीचा रिपोर्ट आला, तेव्हापासून सासूबाईंचा हा नियम. त्या पाटावर बसणार. मी हातभर लांब, फरशीला कपाळ टेकायचं. पायांना हात लावायचा नाही, पण वाकायचं चुकवायचंही नाही. चौदा वर्षं! आजार त्यांच्याच मुलानं आणला, हे कुणी काढत नाही.

हल्ली कपाळ टेकून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. चौकट धरावी लागते. आज वाकलेच नाही.

"कंबरंत लोखंड भरलं का गं? गुलमंडीच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं बरी वाकतीस!"

७ मे

पुन्हा नाही केला.

"खोली माझ्या नावची हाय. पाया पडायचं नसंल तर फुलंब्रीला भावाकडं जा."

भाऊ दारात उभं करणार नाही. एचआयव्हीच्या गोळ्या इथल्या सरकारी सेंटरवर मिळतात. सासूबाईंना हे सगळं माहीत आहे. म्हणूनच बोलतात.

१० मे

सेंटरवर अंधारीचं सांगितलं. डॉक्टरांनी खुर्चीत बसवून बीपी घेतला — नॉर्मल. "विषाणू दिसतसुद्धा नाही रिपोर्टमध्ये. ठणठणीत आहात. टेन्शन घेऊ नका."

घरी येऊन हे बोलले. बोलायला नको होतं.

"बघ! डाक्टरबी म्हणतोय, नाटक हाय."

११ मे

म्हातारी मरत का नाही! लिहिलं. खोडणार नाही.

१४ मे

काल "सामान बांध" म्हणाल्या. म्हणून आज वाकले. उठताना सगळं काळं झालं. शुद्धीवर आले तर पाटाच्या कडेवर कपाळ फुटलेलं, आणि सासूबाईंनी पाय पोटाशी ओढून घेतलेले. "रगत! रगत!"

शेजारची अमिना धावत आली. मी म्हणाले, रक्ताला हात लावू नका, ओढणी तेवढी द्या, मी बांधते. तिनं दिली. मग सासूबाईंवर ओरडली, "अम्मा, बहू है तुम्हारी! उठो, दवाखाने ले जाओ!"

उठल्या. रिक्षात मधे पिशवी ठेवून बसल्या.

कपाळाला टाके घातले. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आडवं करून बीपी घेतला. मग उभं केलं, पुन्हा घेतला. धाडकन खाली! मशीनवर हृदयाची पट्टीही काढली. "उभं राहिलं की हृदयानं वेग घ्यायला हवा. तुमचं जागचं हलत नाही. आपोआप चालणाऱ्या नसा अधू झाल्यात. इतक्या वर्षांच्या आजारात होतं काहींना, औषधं चालू असली तरी." सावकाश उठा. खाली वाकून उठणं बंद. आहारात मीठ थोडं वाढवा. पाणी दिवसाला तीन लिटर.

मला रडू आलं. खोटी नव्हते मी!

सासूबाई कोपऱ्यात उभ्या. त्या यंत्राकडेच बघत होत्या. "मेंढरू असं बसतं मधीच. सोंग करतंय म्हणून आमी काठी घालायचो," एवढंच म्हणाल्या. मला की यंत्राला, कळलं नाही.

१५ मे

सासूबाई पूर्ववत.

"तीन लिटर! टँकर तुझ्या बापाचा हाय का?"

समोरच्या नव्या बिल्डिंगच्या भिंतींवर दिवसभर पाइपनं पाणी मारतात. आमच्या गल्लीत आठवड्यातून एक टँकर. आणि मी घोट घेतला की घशाकडे नजर! ठसका लागेपर्यंत बघतात. आज मुद्दाम समोर बसून दोन तांबे रिकामे केले.

१६ मे

नमस्काराचं कुणीच काढलं नाही. पाट भिंतीला उभा. खोलीचंही नाव नाही. ही शांतता मला नको. काहीतरी शिजतंय.

१७ मे

मीठ जास्त झालंय आमटीत. सासूबाईंच्या हातून कधी होत नाही.

१८ मे

सकाळी बघते तर सासूबाई स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसलेल्या! या वयात चढल्या कशा! पाय ओट्यावरच पुढे केलेले, माझ्या कमरेइतके उंच.

"वाकायचं नाय म्हणली ना ती बाई. हं. हात लाव."

पुढे झाले. टाचांच्या भेगा दिसल्या. हात उचलला — आणि मागे घेतला.

"उतरा. पडाल," म्हणाले, आणि इकडे येऊन बसले.

हे लिहितेय, तर त्या अजून तिथंच आहेत. पाय पुढे करून.