दोन खाटा

प्रिय दादा,

आमच्या लग्नात तू सगळ्यांना सांगत होतास, “या वयात काय, एकमेकांना आधार. बाकी काही नाही.” मी खाली मान घालून हसले.

वहिनी गेल्यावर वर्षाच्या आत तू दुसरं लग्न केलंस. तेव्हा आई म्हणाली होती, “पुरुषमाणूस एकटा कसा राहणार?” माझा पहिला नवरा गेला तेव्हा मी तिशीचीही नव्हते. मला तुम्ही शिलाई मशीन आणून दिलंत.

काल तू आम्हाला दोन वेगळ्या खाटा पाठवल्यास. आमचे हे, घड्याळं दुरुस्त करणारे, बिचारे मुकाट्याने त्यांचे सुटे भाग जोडायला बसले.

“राहू द्या. परत पाठवू,” मी म्हटलं.

“दादांना काय सांगायचं?”

“आधाराला काठी पुरली असती म्हणावं. मला तुम्ही हवे आहात.”

ते कानापर्यंत लाल झाले आणि हातातला पाना खाली ठेवून हसत सुटले. संध्याकाळी आम्ही डबलबेड आणला. जिन्यात शेजारीण म्हणाली, “बराच मोठा घेतलात!”

“दोघं झोपणार ना,” मी म्हटलं.

दादा, हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. समोर न सांगता लिहून कळवावं, असं यात लपवण्यासारखं काय आहे? रविवारी तुला जेवायला बोलावते आणि तोंडावर सांगते.

तुझीच,
लाजून लाजून कंटाळलेली धाकटी