निवायच्या आधी

प्रिय धाकट्या,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, एवढंच.

तुझ्या प्रदर्शनाची बातमी पेपरात वाचली. 'लाकडाच्या भट्टीने संयम शिकवला,' म्हणतोस. संयम! तुला! पेपर भिरकावून दिला मी.

त्या दिवशी भट्टी विझली होती, निवली नव्हती. बाबांनी लहानपणापासून काय सांगितलं? विटेवर हात ठेवून पाहायचा. हात मागे घ्यावा लागला, तर आपणही मागे व्हायचं. पण तुझ्या त्या प्रदर्शनवाल्या बाई आल्या होत्या ना! मी मागे उरलेलं सरपण रचत होते, तेवढ्यात तू भट्टीच्या दाराला लावलेल्या विटा काढल्यास. गार वारा आत घुसला आणि टण, टण सुरू झालं. मी धावत आले, तर तू बाईंना सांगतोयस, "ऐका, भांडी गातायत." गात नव्हती रे मेल्या. तडकत होती.

तुझी-माझी तडकली, त्याचं काही नाही. माती पुन्हा मळता येते. पण पुढच्या रांगेत बाबांची भांडी होती, उजवा हात लुळा पडायच्या आधी चाकावर घडवलेली शेवटची. जाळ थेट अंगावर यावा, उडती राख भांड्यांच्या खांद्यावर बसून वितळावी, म्हणून ती जागा त्यांनीच सांगितली होती. राख ओघळलीही होती सुरेख, हिरवट, काचेसारखी. आणि त्या ओघळांमधून आरपार चिरा.

मी तुकडे वेचत होते आणि तू त्यांच्या खोलीत जाऊन म्हणालास, "झकास निघाली, बाबा! सगळी प्रदर्शनाला नेतो." गाडीत बसलास, गेलास. इथे रोज जेवताना ते विचारणार, रंग कसा आला, आणि मी तुझं खोटं निस्तरणार.

काल त्यांची दाढी करत होते. म्हणाले, "पुरे आता. खिडकी उघडी होती त्या दिवशी. सगळं ऐकलं मी." मग दुसरा गाल पुढे केला आणि म्हणाले, "त्याला बोलू नकोस. नुसतं ये म्हणावं."

म्हणून बोलत नाहीये, लिहितेय. ये. जेवायला वाढीन, हसून वाढीन असं नाही. त्यांच्यासमोर बस आणि काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग. त्यांना ठाऊक आहे. तरी सांग.

तुझीच (दुसरा भाऊ नाही म्हणून),
ताई