दोन चमचे

प्रिय काटेकोर,

हे नाव मीच ठेवलं होतं. प्रयोगशाळेत मापाच्या नळीतली पाण्याची पातळी वाचायला तू गुडघे टेकून डोळा रेषेला आणायचीस आणि मी म्हणायचो, अर्ध्या मिलिलिटरनं काय जग बुडणार आहे? सरांशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हा तूच म्हणालीस, "तापट, तुझं डोकं चांगलंय रे, घाई वाईट आहे." मग औषधाच्या दुकानात लागलो. लक्ष बाटल्यांपेक्षा दाराकडेच, तू कधी येशील म्हणून.

आलीस, तुझ्या बाबांचं खोकल्याचं औषध न्यायला. चिठ्ठीवर दहा मिलिलिटर, दिवसातून दोनदा. मालक म्हणाले, "मापाची टोपी दे बरोबर, गुंगीचं औषध आहे." त्या सकाळी मालकांशी माझं वाजलं होतं, त्यांचं काही ऐकायचं नाही एवढंच डोक्यात. शिवाय वाटलं, माझं अक्षर तुझ्या घरात राहील. एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर असं गृहीत धरलं आणि बाटलीवर वळणदार लिहिलं, 'दोन चमचे'. टोपी माझ्या खिशातच राहिली.

तिसऱ्या दिवशी बाबा झोपेतून उठलेच नाहीत. मी भेटायला आलो तेव्हा तुझी आत्या म्हणत होती, "एवढी शिकलेली पोर, साधं औषध मोजता आलं नाही." तू ओट्यावरचा चमचा हातात धरून उभी होतीस. "दोनच दिले गं, आत्या. याच चमच्यानं."

तसाच चमचा मी विकत आणला. टोपीनं पाच-पाच मिलिलिटर पाणी ओतलं. पहिल्यांदा नुसता तळ झाकला. दुसऱ्यांदाही भरला नाही. तिसऱ्यांदा काठोकाठ. वर्ष झालं, कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी चमच्यांवर जाते. तहान लागली तरी पेल्यात किती टोप्या असतील ते मनात मोजून होतं, मगच घोट उतरतो.

काल तुझी मैत्रीण दुकानात आली. म्हणाली, तू परीक्षेला बसली नाहीस, मापाची नळी हातात घेतलीस की तशीच खाली ठेवतेस, "मला मोजता येत नाही" म्हणतेस. म्हणून हे पत्र. सोबत ती टोपी आहे. मालकांना आज सगळं सांगितलं. उद्या सकाळी आम्ही दोघं येतोय, तुझ्या आत्यासमोर बोलायला. तू दार उघडलं नाहीस तर दाराबाहेरून सांगेन. त्या दिवशी तू विचारलं होतंस, "चमचा कुठला?" मी हसून म्हणालो होतो, "घरातला कुठलाही." हे तू आजवर कुणालाच सांगितलं नाहीस, बाटलीही दाखवली नाहीस. काटेकोर, तू बरोबर मोजलं होतंस.

हक्क उरलेला नाही, तरी तुझाच,
तापट