हरणांचा बोगदा

आबा, तुम्ही गेल्यावर तुमच्या भोकरच्या माळावरून चौपदरी रस्ता झाला, आणि तो करणाऱ्यांत मी इंजिनियर होतो. तुम्ही फॉरेस्ट गार्ड, अख्खी नोकरी त्या माळावर पायी काढलेली. मी चौथीत असताना एका सकाळी मला ओढ्याकाठी नेलंत. मी मऊ मातीत उभा राहिलो, तर कान पिरगाळलात. "सरक बाजूला. त्यांच्या वाटंवर उभा हायस तू." खाली खुरांचे ठसे होते. मी मुसमुसतोय, तेवढ्यात पलीकडून काळविटांचा कळप येतो, एकामागे एक, नेमका तिथूनच उतरतो, आणि तुम्ही माझा तोच कान चोळत म्हणता, "बघ, बघ."

रस्त्याच्या नकाशात त्याच जागी जनावरांसाठी बोगदा धरला होता. जागा मीच दाखवली होती. मग एकदा घरी जेवायला बसलो, तर थोरला भाऊ म्हणाला, "आपलं अर्धं रान रस्त्याच्या पल्याड गेलं. ट्रॅक्टर काय डोक्यावरून नेऊ? हरणं सातबारा घेऊन आलीत का तुझ्याकडं?" सगळे हसले. मीही हसलो, आबा. पुढच्याच आठवड्यात बोगदा आपल्या बांधासमोर सरकवला आणि कागदावर लिहिलं, ओढ्याकाठी वन्यप्राण्यांचा वावर आढळला नाही.

आज त्या बोगद्यात भावाचा कडबा रचलाय, दुपारी म्हशी बसतात. वर पाटी आहे, 'वन्यजीव मार्ग'. काय थट्टा आहे! आणि हरणं? ती येडी अजून ओढ्यापाशीच रस्त्यावर चढतात. परवा लातूरला निघालो होतो, तिथं गाडी थांबवावी लागली. मादी पडली होती, गाभण. एक ट्रकवाला म्हणाला, "ह्यांना अक्कल न्हाई बघा, इतका बोगदा दिलाय की." त्याच्या कानाखाली ओढावीशी वाटली. पण कुठल्या तोंडानं ओढणार?

आईला मी अजून सांगतो, वरच्यांनी जागा बदलली. ती वरच्यांना शिव्या घालते आणि मला आग्रहानं वाढते. मी ताट पुढं करतो.

साहेब म्हणतात, ओढ्यापाशी दुसरा बोगदा अजून होऊ शकतो. फक्त आधीचं टिपण खोटं होतं, असं मी सहीनिशी लिहून द्यायचं. दोन ओळींचा अर्ज. तीन दिवस कोरा कागद घेऊन बसतोय, आणि आज बसलो तर हे तुम्हाला लिहिलं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, आबा. तुमच्याकडून काही पोचपावती येत नाही.