केशूला मिळालेली शाबासकी

प्रिय रुचिता,

रविवारी मी न जेवता निघालो, रेल्वेच्या मेगाब्लॉकचं कारण सांगितलं. मेगाब्लॉक नव्हता. तुलाही ते ठाऊक होतं, कारण तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाड्या जाताना दिसतात. फोनवरच खुलासा केला असता, पण तुमच्याकडचा फोन कायम स्पीकरवर. अप्पांना ऐकू यावं म्हणून तू तो तसा ठेवतेस आणि वरच्या मजल्यावरच्या मॅग्डलीन आंटीला न मागता सगळं कळतं. म्हणून ठाण्याहून कोपरला चक्क पत्र. पोस्टमन हसला तर हसू दे.

आधी तुझ्याबद्दलची जळजळ सांगून टाकतो, ती जुनी आहे, तिची सवय झालीये. मी आलो की अप्पा विचारतात, ठाण्याला हवा कशी आहे? जसा काही मी परदेशातून उतरलोय. आणि तुझ्याशी मात्र अखंड गप्पा. त्यांच्या डोळ्यांत थेंब तू घालतेस, हात धरून बाथरूमपर्यंत तू नेतेस, मी पपई घेऊन येतो. तेव्हा जळायचा मला काडीचा हक्क नाही, हे कळतं. कळून उपयोग होत नाही, एवढंच.

पण रविवारी मी तुझ्यावर जळलो नाही. केशूवर जळलो. पन्नाशीचा, बँकेत अधिकारी असलेला माणूस कादंबरीतल्या पोरावर जळतो, हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

सान्वी ती कादंबरी तुझ्याकडे विसरली आणि तू ती अप्पांना वाचून दाखवायला लागलीस, तिथून हे सुरू झालं. माझ्या लेकीचं मत तुला माहीत असेलच. तिच्या मते केशू म्हणजे नुसता कटकट्या. ‘बाबा, तो घर सोडून बंड करायला निघतो आणि जाताना आईकडून डबा भरून घेतो.’ एकोणिसाव्या वर्षी इतकं स्पष्ट दिसणं बरं नव्हे, पण डबा आहे खरा. आणि तू वाचलीस तेव्हा म्हणालीस की केशूच्या बहिणीला अख्ख्या पुस्तकात चारदा चहा करायला लावलाय, पुढे तिचं काय झालं ते लेखकाला विचारावंसंही वाटलं नाही. मी हसलो होतो तेव्हा. तू नव्हती हसलीस.

सतराव्या वर्षी माझं मत विचारायची गरजच नव्हती. मीच केशू होतो. त्याच्यासारखा भांग पाडायचो, त्याच्यासारखा जेवताना गप्प बसायचो. तुला वाटायचं मला दातदुखी आहे. मला बडोद्याला चित्रकला शिकायला जायचं होतं. प्रवेश मिळालेला. अप्पांना सांगितलं, तर त्यांनी आवाज चढवला नाही. माझ्या उशाची कादंबरी उचलली, चपला घातल्या, वाचनालयात जाऊन ती परत केली आणि माझं सभासदत्वच रद्द करून आले. ‘असली पुस्तकं पोरांना बिघडवतात,’ एवढंच म्हणाले. मी बिघडलो नाही. बँकेची परीक्षा दिली.

रविवारी मी दारात चपला काढत होतो तेव्हा तू वाचता वाचता नेमकी तिथेच पोचली होतीस. पहाटे केशू ट्रंक उचलतो, बाप खुर्चीतून उठत नाही, तिथे. तू इतक्या मोठ्याने वाचत होतीस की वर मॅग्डलीन आंटीच्या भांड्यांचा आवाजही थांबला होता. मी मागे उभा राहून ऐकत होतो आणि काय सांगू, मला केशूचा राग यायला लागला. बाप काय चुकीचं बोलतोय? अरे, तिथे राहणार कुठे, खाणार काय? माझी मान डोलत होती. गेल्याच आठवड्यात सान्वी बेंगळुरूचा विषय काढत होती, तेव्हा मी शब्दन् शब्द हेच बोललोय.

आणि तेवढ्यात अप्पांनी मांडीवर थाप मारली.

‘शाब्बास रे पोरा. गेलास ते बरं केलंस. राहिला असतास तर जन्मभर बापाचं तोंड बघत बसला असतास.’

तुझ्याकडे तोंड करून म्हणाले. हल्ली दिसत नाही म्हणून आवाज येईल तिकडे चेहरा वळवतात. त्यांच्या पाठीमागे, हातात पपई घेऊन, जन्मभर बापाचं तोंड बघत बसलेला मुलगा उभा होता. तू सांगितलंस, दादा आलाय. मग ते मला म्हणाले, ‘सुशांत, तू वाचलंयस का रे हे? त्या वयात वाचायला हवं होतंस. मुलांच्या हातात द्यावं असं पुस्तक आहे.’

ते टोमणा मारत नव्हते, रुचिता. खरंच विसरलेत. मी ‘नाही’ म्हणालो, पपई टेबलावर ठेवली आणि मेगाब्लॉक जाहीर केला.

जे मी मागितलं आणि मिळालं नाही, ते त्या कागदी कार्ट्याला फुकटात मिळालं, तेही आईचा डबा घेऊन निघालेल्याला. तीन रात्री हेच डोक्यात. अप्पांना आठवण करून द्यावी असंही वाटलं. पण त्यांच्यापाशी जाऊन काय म्हणू, तुमची शाबासकी चुकीच्या पत्त्यावर गेली?

आता खरं काम सांगतो. मी ‘नाही’ म्हणालो ते निम्मं खरं होतं. पुस्तक परत गेलं तेव्हा माझं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, नंतर मी ते हातात धरलं नाही. केशू घरी परततो का, बाप खुर्चीतून उठतो का, मला ठाऊक नाही. मित्रांत मात्र वर्षानुवर्षं त्या शेवटाची तारीफ करत आलोय. तर शेवटचं प्रकरण अप्पांना वाचून दाखवू नकोस. अप्पांनी घाई केली तर चष्मा हरवला म्हण. येत्या रविवारी मी येतो, जेवतो आणि ते मी वाचतो, मॅग्डलीन आंटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तू त्या वेळी चहा करायला उठू नकोस, शेजारी बस. अप्पा पुन्हा केशूलाच शाब्बास म्हणतील, म्हणू देत. पण आवाज माझा असेल, तर म्हणताना चेहरा माझ्याकडे वळवतील.

तुझाच, पपईवाला
दादा